महाप्राण

गुरुवारी नऊ चाळीसला तुझी वेळ, फ्रँकफुर्टात,
म्हणून मी सोमवारी माग बंद ठेवला.
वडगावात खटखट थांबली की
शेजारी दारातून विचारतात, कोण गेलं?
कोणी नाही, म्हटलं,
बहिणीच्या आडनावातला श्वास हरवलाय
पस्तीस वर्षांपूर्वी, महापालिकेत.

जन्मदाखला कानडीत. तिथं तू दामणेकर.
शाळेचा दाखला मराठीत, तिथं धामणेकर.
कानडी दच्या पोटाखाली
एक बारीक उभी रेघ द्यायची असते,
की झाला ध.
कारकुनाला जेवायला जायचं असेल,
किंवा दौत संपली असेल,
रेघ राहिली.
महाप्राण, असं म्हणायचे चौगुले गुरुजी,
आणि हात तोंडासमोर धरायला लावायचे:
वारा लागला का? मग तो ध.

खिडकीवरचा पोरगा चांगला होता तसा.
पहिल्या दिवशी म्हणाला, नाळे बर्री.
दुसऱ्या दिवशीही तेच, पण हसून.
तिसऱ्या दिवशी तोच रजेवर.

मग कोर्टासमोर. तिथं झेरॉक्सच्या दुकानाला टेकून
बसलिंगय्या टायपिस्ट बसतो,
चष्म्याची एक काडी सुतळीची.
दोन्ही दाखले शेजारी ठेवून त्यानं पाहिले,
लग्नाला पत्रिका पाहावी तसे.
एरडू ओंदे री, म्हणाला. दोन्ही एकच की.
हेच लिहा, म्हटलं.
त्यानं ते बाँडवर इंग्रजीत लिहिलं, चौदा ओळींत,
नोटरीचे वेगळे, शिक्क्याचे वेगळे,
आणि चहाचे त्यानं दिले.

तू रात्री फोनवर.
काय करूलालीस गे? तर फोटो कापत होतीस.
पांढरी भिंत, दोन्ही कान दिसायला हवेत,
दात दिसता कामा नयेत.
तीन फोटोंत तू हसली होतीस, ते बाद.
चौथ्यात तू हुबेहूब आईसारखी,
रेशनच्या रांगेतली.

मग तू विचारलंस, जन्मठिकाण काय लिहू?
बेळगाव का बेळगावी?
मी म्हटलं, जुन्या पासपोर्टात आहे तेच लिही,
उगीच नवं काही काढू नको.
तेवढ्यात आई चुलीकडून ओरडली,
कुठलं बेळगाव! येळ्ळूरच्या रस्त्यावर झाली ती,
कल्लाप्पाच्या टेंपोत, भाताच्या पोत्यांवर,
दवाखान्यात पोचलो तर नाळ तेवढी कापायची राहिलेली.
लिही म्हणावं तसं.
आपण दोघं किती वेळ हसलो.
या रकान्यात अठ्ठावीसच घरं आहेत आई,
तू म्हणालीस,
टेंपो मावणार नाही.

आता यादी पुन्हा एकदा, मी वाचतो, तू हो म्हण.
जुना पासपोर्ट. हो.
पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या प्रती. हो.
जर्मन वीजबिल, पत्त्यासाठी. हो.
बसलिंगय्याचा बाँड. कुरिअर कालच मिळालं,
पाकिटाला अजून कुंद्याचा वास आहे,
आईनं काय घातलंस आत?
काही नाही, कागदात गुंडाळून थोडासा.
मग त्यावर तुपाचा डाग पडलाय गं, नोटरीच्या सहीजवळ.
पडू दे. खिडकीत धारवाडकडचा कोणी असला
तर ओळखेल.
आणि असलाच, तर कानडीत बोल,
तुझी कानडी माझ्यापेक्षा बरी,
रागावल्यावर तर फारच.

गाडी पहाटे पाच बावन्नची.
पोराला सोबत न्यावं लागणार, ठेवायला कोणी नाही.
तो जागाच आहे अजून, काचेशी उभा.
त्याला आडनाव म्हणायला शिकवत होतीस ना,
कोणी विचारलं तर.
दा, म्हणतो तो. दामणेकर.
तसं नाही रे, काचेजवळ जा, जोरात म्हण.
पडद्यावर मला फक्त त्याची पाठ दिसते
आणि काचेवर उमटून पुसला जाणारा
बशीएवढा धूसर गोल.
पुन्हा.
पुन्हा एकदा म्हण.

हे बघ, पेन निळं घे की काळं,
ते तेवढं विचारून ठेव.
मी उद्यापासून माग लावतो.